लष्कराच्या भाकऱ्या कोणी भाजायच्या?

आदरणीय मॅडम,
मी सांगलीत बी.एस्सी. भाग तीनला आहे. 2019 च्या महापुरात आमच्या महाविद्यालयातील तेव्हाच्या विद्यार्थ्यांनी मदतकार्यासाठी एक गट सुरू केला होता. मी तेव्हा नववीत होते. तो गट आजही चालतो आणि जूनपासून मी त्याची प्रमुख आहे. ऊसतोड कामगारांच्या तळावर आम्ही आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलांचा वर्ग घेतो आणि रविवारी सकाळी कृष्णेचा घाट स्वच्छ करतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर 38 जण आहेत, प्रत्यक्षात सहा-सात येतात. उरलेले सगळे मीच करते, कारण मुले वाट पाहत असतात. रोज दीड तास तरी फोनवर जातो. खजिनदार माझी शाळेपासूनची मैत्रीण आहे. तिचा हिशेब वेळेत झाला नाही, म्हणून तोही मीच पूर्ण करून ग्रुपवर टाकला, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मागच्या सेमिस्टरला माझा एक विषय राहिला. आई म्हणते, घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे आता पुरे कर. परवा तळावर एका लहान मुलाने माझा हात धरला आणि मला तो झटकून टाकावासा वाटला. मी झटकला नाही, पण त्या रात्री खूप रडले. मी या कामाला लायकच नाही का? प्रमुखपद सोडून द्यावे का? सगळे माझ्याच वयाचे आहेत, मी त्यांना काय सांगणार?
– एक विद्यार्थिनी, सांगली

प्रिय विद्यार्थिनी,

पद सोडावे की नाही हा तुझा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून ज्या प्रसंगाने तुला रडवले त्यापासून मी सुरुवात करते. एका मुलाने तुझा हात धरला, तुला तो नकोसा वाटला आणि त्या नकोशा वाटण्याची तुला इतकी लाज वाटली की आपण या कामाला लायकच नाही, असा निष्कर्ष तू काढलास. मी साताऱ्यात 26 वर्षे शिकवले आणि त्यांतील बरीच वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होते. या काळात जे विद्यार्थी कामाला लायक नव्हते, त्यांना अशी लाज वाटल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही. तुझ्या मनाचा झरा आटलेला नाही, त्याच्यावर क्षमतेपेक्षा जास्त पंप बसले आहेत, एवढेच मला तुझ्या पत्रातून दिसते.

ज्याला आपण आज बर्नआउट म्हणतो, तो शब्द मानसशास्त्रात आला तो मुळात स्वयंसेवकांमुळेच. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर हे न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ दिवसभर स्वतःचा व्यवसाय सांभाळून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात काम करीत असत. तेथे उत्साहाने आलेले तरुण स्वयंसेवक काही महिन्यांत कसे गळून जातात, चिडचिडे होतात आणि ज्यांच्यासाठी आले त्याच रुग्णांना कसे टाळू लागतात, हे त्यांनी पाहिले आणि स्वतःतही अनुभवले. 1974 साली त्यांनी त्यावर लेख लिहिला, आणि त्यात नोंदवले की हा थकवा सर्वाधिक गाठतो तो मनापासून झोकून देणाऱ्यांना. पुढे क्रिस्टिना मास्लॅक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या अवस्थेची तीन अंगे सांगितली: शरीरमनाचा थकवा, ज्यांच्यासाठी काम करतो त्या माणसांविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या कामाचा काही उपयोग नाही अशी भावना. तो हात झटकावासा वाटणे म्हणजे यातील दुसरे अंग होय. त्याला स्वभावातील खोट समजू नकोस. तापाला आपण चारित्र्याचा दोष मानत नाही, तसेच हे आहे. मात्र ताप आला की अंगावर काढायचा नसतो, हेही तितकेच खरे.

आता कागद-पेन घे आणि माझ्याबरोबर एक हिशेब कर. वर्गाच्या तीन संध्याकाळी, जाण्यायेण्यासह प्रत्येकी तीन तास धरले तर नऊ तास झाले. रविवारच्या घाटाचे चार. रोजचे दीड तास फोन म्हणजे आठवड्याचे साडेदहा. एकूण साडेतेवीस तास. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत सुरू झाली, आणि आजही तिच्यात स्वयंसेवकाने वर्षभरात 120 तास नियमित काम करावे अशी अपेक्षा असते. म्हणजे आठवड्याला सरासरी अडीच तासांहूनही कमी. ज्या योजनेने आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या सेवेचे माप ठरवले, तिने एका वर्षासाठी ठेवलेले काम तू सुमारे पाच आठवड्यांत संपवतेस आणि सहाव्या आठवड्यापासून पुन्हा नव्याने सुरू करतेस. तळावर मुले आल्यापासून हे असेच चालले आहे. एक विषय राहिला याचे मला आश्चर्य वाटत नाही, एकच राहिला याचे वाटते.

त्या साडेतेवीस तासांतील साडेदहा तास, म्हणजे जवळजवळ निम्मे, मुलांपर्यंत किंवा घाटापर्यंत पोहोचतच नाहीत. ते लोकांना बोलावण्यात, आठवण करून देण्यात आणि कोण येणार याची वाट पाहण्यात जातात. तुझ्या थकव्याचे मूळ मला तेथे दिसते. मुलांना शिकवून माणूस दमतो, पण असा विटत नाही.

तुझ्या आईच्या वाक्याकडे मी मुद्दाम वळते, कारण मला त्यात रागापेक्षा काळजी अधिक दिसते आणि शिवाय त्या म्हणीतच तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा छावण्यांमधील हजारो माणसांच्या पोटात अन्न कसे गेले हे तू नववीत असताना पाहिले असशील. पूर न आलेल्या गावांमधून, त्यांत कायम दुष्काळ सोसणारी गावेही होती, घरोघरी भाकऱ्या आणि चपात्या झाल्या, गठ्ठे बांधले गेले आणि टेम्पोत भरून पाठवले गेले. अक्षरशः लष्करापुरत्या भाकऱ्या होत्या त्या. पण त्या कोणत्याही एका चुलीवर झाल्या नाहीत. कोणत्या घराने दहा केल्या, कोणत्या घराने पंचवीस केल्या, आणि ज्या बाईने दहा केल्या तिने शेजारणीच्या वाटणीच्या दहा आपल्याच तव्यावर टाकल्या नाहीत. ती आपल्या दहा देऊन रात्री झोपली, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा दहा करता आल्या. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात काहीही चूक नाही, बाळ. चूक झाली ती सगळे पीठ तू एकटीच्या परातीत ओढून घेतलेस त्यात.

हे मी तुला अधिकाराने सांगू शकते, कारण हीच चूक मी एका विद्यार्थ्याकडून करवून घेतली आहे. माण तालुक्यातील एका गावात आमचे सात दिवसांचे हिवाळी शिबिर होते आणि उतारावर पाणी अडवणारे सलग समतल चर खोदण्याचे काम होते. आमचा विद्यार्थी प्रतिनिधी पहाटे सर्वांच्या आधी उठून पाण्याची सोय पाही, दिवसभर खोदकामावर उभा राही, रात्री भांडी घासायला कोणी आले नाही तर स्वतः घाशी. मी रोजच्या सायंकालीन सभेत सर्वांसमोर म्हणत असे की हा एकटा दहा जणांचे काम करतो, त्याचा आदर्श घ्या. पाचव्या दिवशी तो कोणाशीही बोलेनासा झाला. सहाव्या दिवशी एका मुलाने भात उरवला एवढ्या कारणावरून त्याने त्याच्या अंगावर ताट फेकले. शिबिरानंतर तो पुन्हा आमच्याकडे आला नाही. त्या वेळी मला त्याच्या वागण्याचे नवल वाटले होते. माझ्या कौतुकाने मी त्याच्यावर दहा जणांचे ओझे लादले होते आणि उरलेल्या नऊ जणांना मोकळे सोडले होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तुझ्याभोवतीही असे कौतुक करणारे असतील. तुझ्यामुळेच हे चालले आहे, असे कोणी म्हणाले की त्या वाक्याने खूश होण्याआधी थोडे सावध हो.

त्याच शिबिरातील आणखी एक गोष्ट तुझ्या उपयोगाची आहे. पहिल्या दोन दिवशी आम्ही पन्नास मुलांना एका उतारावर उभे करून, चला, खोदायला लागा, असे सांगितले होते. काम रेंगाळले. तिसऱ्या दिवशी गावातील एका वयस्कर गृहस्थांनी फक्कीची पिशवी घेतली आणि चराच्या रेषेवर ठरावीक अंतराने आडव्या खुणा केल्या. दोन मुलांना एक तुकडा दिला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच बहुतेकांचे तुकडे संपले होते. मुले तीच होती आणि मुरूमही तसाच कठीण होता.

हे केवळ आमच्याच मुलांचे वैशिष्ट्य नव्हते. माक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचे बळ मोजले होते. 1913 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत असे दिसते की माणसे वाढतात तसतसे प्रत्येकाचे ओढणे कमी होते, आणि आठ जण एकत्र ओढू लागले की प्रत्येक जण एकट्याने लावतो त्याच्या सुमारे निम्मेच बळ लावतो. नंतरच्या संशोधकांनी यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट शोधली: प्रत्येकाने किती काम केले हे स्वतंत्रपणे दिसू लागले की ही ढिलाई बरीच कमी होते. तुझ्या ग्रुपवर 38 जण आहेत. तेथे तू, उद्या तळावर कोण कोण येणार, असे विचारतेस तेव्हा तो प्रश्न 38 जणांत वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा इतका लहान तुकडा येतो की एक अंगठा दाखवून तो फेडता येतो. यात त्यांचा आळस नाही असे मी म्हणत नाही, पण बराचसा दोष प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा आहे. तुझ्या रेषेवर फक्कीच्या खुणा नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट अशी कर की ग्रुपवर कामाची विचारणा पूर्ण बंद कर. ज्यांच्याकडून तुला काही हवे आहे त्यांना एकेकटे भेट, शक्यतो समोरासमोर, आणि त्यांच्यासमोर एक लहान, मोजता येणारे काम ठेव: दर मंगळवारी साडेसहा ते आठ पहिली-दुसरीच्या मुलांचे वाचन, मार्चअखेरपर्यंत. दर गुरुवारी खडू, वह्या आणि दिव्याची पेटी तळावर पोहोचवणे आणि परत आणणे. कामाला शेवटची तारीख असू दे, कारण अमर्याद कामाला हो म्हणायची माणसाला भीती वाटते आणि ती भीती योग्यच असते. प्रत्येक कामापुढे एकच नाव लिही, दोन नाही. आपण सगळे मिळून करू, हे वाक्य तुझ्या गटात काही महिने तरी कोणी वापरू नये, असे मी म्हणेन. 38 पैकी 15 जण तुला स्पष्ट नाही म्हणतील. त्यांचे आभार मान, कारण ते कधीच येणार नव्हते आणि आता तुला त्यांची वाट पाहावी लागणार नाही.

आता यातील सर्वांत कठीण भागाकडे येते. कोणी आपले ठरलेले काम टाकले, तर ते निमूटपणे उचलू नकोस. आजवर तू ते प्रत्येक वेळी उचललेस, आणि म्हणूनच ते पडले होते हे तुझ्याशिवाय कोणाला कळलेच नाही. मंगळवारी न आलेल्या स्वयंसेवकाला बुधवारी वर्ग व्यवस्थित झाल्याचे फोटो दिसले. मग आपल्या न येण्याने काही बिघडते, हे त्याने कशावरून ओळखावे? त्याच्या गैरहजेरीची किंमत तू आपल्या झोपेतून, आपल्या अभ्यासातून भरलीस आणि पावती त्याला दाखवली नाहीस.

तू म्हणशील, पण मुले वाट पाहत असतात. बरोबर आहे, आणि हा मुद्दा मी हलका मानत नाही. तळावरील मुलांचे वर्षच दोन गावांत फाटलेले असते. दिवाळीनंतर आईवडिलांच्या टोळीबरोबर कोपीवर, म्हणजे तळावरच्या तात्पुरत्या झोपडीत, राहायला यायचे, पहाटे ते फडात गेले की धाकटी भावंडे सांभाळायची, आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा आपल्या गावच्या शाळेत मागच्या बाकावर जाऊन बसायचे. अशा मुलांना दिलेला शब्द मोडू नये. पण मुलांना सर्वांत जास्त कशाने दुखावते, याचा विचार कर. आठवड्यातून दोनच वर्ग झाले तर त्यांना ते समजते. ताई येईल की नाही याची रोज खात्री नसणे, आणि आली तर ती दमलेली, चिडलेली असणे, हे त्यांना समजत नाही. म्हणून तीन संध्याकाळींच्या दोन कर, त्या मात्र ठरलेल्या वाराला नक्की होऊ देत. वर्गावर किमान तिघे असलेच पाहिजेत असा नियम कर, कारण अंधार पडल्यावर तळावर एकटीने किंवा दोघींनी जाणे आणि वीस-पंचवीस मुलांची जबाबदारी घेणे सुरक्षित नाही. दुपारी तीनपर्यंत तिघांचा होकार पक्का नसेल तर मुकादमाला फोन करून आज वर्ग नाही असे कळव, आणि मग कोणत्या कामाचा माणूस न मिळाल्याने तो रद्द झाला, हे नाव न घेता पण स्पष्टपणे गटाला सांग. ही संध्याकाळ तुला फार जड जाईल. घरी बसून तू घड्याळाकडे पाहशील. तरीही जाऊ नकोस.

घाटाची सफाई या हंगामापुरती सरळ बंद ठेव. घाट एप्रिलमध्येही तेथेच असेल, मुले नसतील. सहा-सात माणसांना दोन कामे झेपत नाहीत, आणि कोणते काम आधी करायचे हे ठरवणे ही प्रमुखाची जबाबदारीच आहे, त्यासाठी कोणाची क्षमा मागण्याची गरज नाही.

समवयस्कांना मी काय सांगणार, असे तू विचारलेस. माझ्या हातात निदान हजेरीचे पुस्तक होते. तुझ्या हातात पगार नाही, गुण नाहीत, शिक्षा नाही. परंतु एक गोष्ट आहे आणि ती पुरेशी आहे: त्यांनी स्वतःहून दिलेला शब्द. बरोबरीच्या माणसाला आपण आज्ञा करू शकत नाही, पण त्याच्याच शब्दाची आठवण त्याला नक्की देऊ शकतो, आणि त्यात काहीही उद्धटपणा नाही. एखादा आला नाही तर चोवीस तासांच्या आत त्याला एकट्याला गाठून असे म्हण: "मंगळवार तू घेतला होतास. तू आला नाहीस म्हणून वर्ग रद्द झाला. पुढचा मंगळवार जमेल का, की तो दिवस मी दुसऱ्याला देऊ? दोन्ही चालेल, फक्त मला आज सांग." यात टोमणा नाही, किती दिवस मी एकटीच राबते असे गाऱ्हाणे नाही, आणि त्याने काय उत्तर द्यावे याची सक्तीही नाही. टोमण्याला माणूस टोमण्याने उत्तर देतो. सरळ प्रश्नाला बहुधा सरळ उत्तर मिळते. पुष्कळदा तुला असेही कळेल की तो वडिलांच्या दुकानात बसतो, किंवा त्याची शेवटची बस साडेसातला सुटते आणि हे त्याने कधी कोणाला सांगितलेले नव्हते. मग त्याच्यासाठी वेगळे काम काढता येते.

तुझ्या मैत्रिणीविषयी मी तुझी बाजू घेणार नाही, हे तुला आवडणार नाही कदाचित. हिशेब उशिरा झाला ही तिची चूक होती. परंतु तिला न विचारता तो पूर्ण करून सर्वांसमोर टाकणे, याचा अर्थ 38 जणांसमोर तिला तू काही कामाची नाहीस असे सांगणे होता, तुझ्या मनात तसे नसले तरी. तिचे काम काढून घेताना तिचा मानही तू नकळत काढून घेतलास. तिला एक दिवस हरिपूरला संगमावर घेऊन जा, बरोबर भडंगाची पुडी घे, आणि गटाचा विषय काढण्याआधी क्षमा माग. क्षमा मागताना त्यापुढे पण लावू नकोस. नंतर तिला खजिनदार राहायचे आहे का हे विचार, आणि राहायचे असेल तर वही तिच्या हातात परत दे आणि महिन्याच्या पाच तारखेला दोघींनी मिळून अर्धा तास बसायचे ठरव. राहायचे नसेल तर मैत्री ठेव आणि वही दुसऱ्या कोणाला दे. शाळेपासूनची मैत्रीण खजिनदारापेक्षा दुर्मीळ असते.

आपल्या साताऱ्या-सांगलीकडे सेवेचे नाव काढले की कर्मवीर भाऊराव पाटील यांची आठवण निघते आणि त्याबरोबर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांसाठी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा दिल्याची. ती आठवण काढताना माझेही डोळे भरून येतात. पण तुझ्यासारख्या मुलींना त्या गोष्टीचा एवढाच भाग सांगितला जातो आणि त्यातून असा समज होतो की स्वतःला संपवणे म्हणजेच सेवा. 1919 साली काले येथे कर्मवीर अण्णांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि 1924 मध्ये साताऱ्यात आली. तिच्या वसतिगृहांतील मुले स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे ही कामे आळीपाळीने स्वतः करीत. स्वावलंबन हे त्या संस्थेचे ब्रीदच होते, आणि पुढे कमवा आणि शिका योजनेचा पायाही तोच. अण्णांनी मुलांसाठी सर्वस्व दिले, पण मुलांच्या वाटणीचे काम मात्र मुलांनाच करू दिले. ती संस्था त्यांच्या पश्चात इतकी वाढली, याचे एक कारण मला यात दिसते.

सांगलीकर असल्यामुळे तुला दोन आकडे पाठ असतील: आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी. इशारा पातळी ठेवलेली असते ती निघण्याची तयारी करता यावी म्हणून, आणि सखल भागातील शहाणी कुटुंबे तर त्याच्याही आधी सामान माळ्यावर टाकतात. तू स्वतःसाठी अशा दोन पातळ्या आजच, मन शांत असताना, लिहून काढ. रात्री अकरानंतर सलग तीन दिवस गटाचे काम, किंवा ग्रुपचा आवाज आला की पोटात गोळा येणे, किंवा मुलांच्या बोलण्याचा वैताग येणे, हा इशारा समज. असे झाले की एक आठवडा तुझी सगळी कामे दुसऱ्याकडे जातील हे गटात आधीच ठरवून ठेव, म्हणजे त्या वेळी रजा मागावी लागणार नाही. झोप लागेनाशी झाली, जेवण नकोसे झाले, रोज रडू येऊ लागले, कशातच अर्थ वाटेनासा झाला आणि हे दोन आठवडे टिकले, तर ती धोका पातळी होय. मग गटाचे काम पूर्ण थांबव, आईला सांग आणि डॉक्टरांना भेट. टेलि-मानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. तो फोनमध्ये जतन करून ठेव, तुझ्यासाठी आणि तुझ्या गटातील इतरांसाठीही. आणि अशी वेळ आज, आत्ताच आलेली असेल, तर माझे बाकीचे सगळे सल्ले बाजूला ठेवून आधी एवढेच कर.

फोनविषयी एकच सांगते. गटाचे निरोप संध्याकाळी सात ते आठ या वेळातच पाहा आणि हे सर्वांना कळव. वर्ग असलेल्या दिवशी ती वेळ दुपारी अडीच ते तीन अशी ठेव. पहिल्या आठवड्यात काही जण नाराज होतील, तिसऱ्या आठवड्यात कोणाच्या लक्षातही राहणार नाही.

राहिला प्रमुखपदाचा प्रश्न. आज, रडू ओसरले नसताना, ते सोडू नकोस, पण मेमध्ये पदवी घेऊन निघताना सोडायचे आहेच, हे आत्ताच मान्य कर आणि त्याची तयारी याच आठवड्यात सुरू कर. भाग एक आणि भाग दोनमधील दोघे जण निवड, तुझ्यासारखे नसलेले निवडलेस तरी चालेल. एका वहीत सगळे लिहून काढ: मुकादमाशी कसे आणि केव्हा बोलायचे, दिव्याची पेटी कोणाकडे असते, कोणत्या मुलाला अक्षरे येतात पण जोडाक्षरे येत नाहीत, वह्या कोणत्या दुकानातून उधारीवर मिळतात. ज्या गोष्टी फक्त तुझ्या डोक्यात आहेत, त्या तुला एक दिवसही आजारी पडू देत नाहीत. महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकांना गटाचे मार्गदर्शक होण्याची विनंतीही कर. तुझ्या पत्रात आईखेरीज एकाही मोठ्या माणसाचा उल्लेख नाही, याने मला काळजी वाटली.

पुढच्या मंगळवारचा वर्ग त्या दोघांपैकी एकाला घ्यायला सांग. बरोबर जायला तिसरा माणूस कोण, हे त्यालाच ठरवू दे. तू तळावर जाऊ नकोस आणि मध्येच फोन करून काय चालले आहे असे विचारू नकोस. त्या संध्याकाळी आईजवळ बस आणि राहिलेल्या विषयाचे पुस्तक उघड. वर्ग कदाचित तुझ्यासारखा होणार नाही, एखादे गाणे चुकेल, पेटी विसरली जाईल. गुरुवारी तू जाशील तेव्हा ज्या मुलाने तुझा हात धरला होता, त्याच्याशेजारी थोडा वेळ नुसती बस, आणि मंगळवारी काय काय झाले ते त्यालाच विचार. तो काय म्हणाला, ते मला लिहून कळव.

तुझी,
सदरलेखिका, सातारा